नको असलेल्या उत्तरांची वही

तिलकवतीने नवऱ्याला रेशन दुकानात पाठवलं, की तो परत आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"काही नाही असं म्हणाला, की काही म्हणालाच नाही?"

दंडपाणी चपला काढता काढता विचार करी. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळतं, की या प्रश्नातून सुटका नाही. "तूरडाळ आलीय का म्हणून विचारलं. त्याने मान हलवली."

"कशी हलवली?"

"मान हलवायच्या किती तऱ्हा असतात गं?"

"दोन. म्हणून तर विचारतेय."

दंडपाणी पुन्हा चपला घाली आणि दुकानाकडे चालू लागे. गल्लीतले लोक त्याला दोनदा जाताना बघत आणि ओळखत, की आज डाळ आलेली दिसते.

हा स्वभाव घरी त्रासाचा असला, तरी तिची रोजीरोटी त्यावरच चालली होती. कोइंबतूरच्या गणपती भागात एका बाजूला ओतकामाची भट्टी आणि दुसऱ्या बाजूला इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरचं वर्कशॉप, या दोघांच्या मधे वेलन कंट्रोल्स नावाची कंपनी होती. माणसं तेवीस आणि एक कुत्रा. अंडी उबवायच्या यंत्रांचे मेंदू तिथे बनत. यंत्र म्हणजे खोलीएवढं कपाट. त्यात एकोणीस हजार अंडी ट्रेवर रचलेली. कोंबडी जे पोटाखाली घेऊन करते, ते सगळं त्या कपाटाने करायचं: ऊब द्यायची, हवा ओलसर ठेवायची, आणि दर तासाला ट्रे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवायचे. कोंबडीही चोचीने अंडी फिरवतेच. नाही फिरवली तर आतला जीव कवचाला चिकटून बसतो आणि तिथेच संपतो. हे सगळं वेळच्या वेळी व्हावं म्हणून कपाटाच्या दारावर एक डबा, डब्यात एक छोटा कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात तिलकवतीचा प्रोग्राम.

ती एकोणिसाव्या वर्षी इथे डाग द्यायला लागली होती. म्हणजे सोल्डरिंगच्या टेबलावर. सुलूरच्या गिरणीकामगाराची मुलगी, हातात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या मुली सिनेमाच्या गप्पा मारत, आणि ही डबा खाताना चिपांची माहितीपुस्तकं वाची. मालक रत्नवेल सरांनी एकदा विचारलं, "काय समजतं का त्यातलं?" ती म्हणाली, "समजतं, पण चौदाव्या पानावर चूक आहे." चूक खरंच होती. पुढच्या महिन्यात सरांनी तिला संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला घातलं, आणि तेव्हापासून त्या क्लासातल्या मास्तरांचे दिवस वाईट गेले, असं म्हणतात.

तिचं काम कंपनीतल्या बाकीच्यांना फारसं दिसत नसे. प्रोग्राम स्वतःच्या हाताने मोटरला हात लावत नाही. त्याला खालच्या सिस्टीमला सांगावं लागतं, की बाई गं, एवढा ट्रे कलव. सिस्टीम जाते, काय करायचं ते करते, आणि परत येताना हातात एक आकडा घेऊन येते. काम झालं तर शून्य किंवा त्याच्या वरचं काहीतरी, नाही झालं तर उणे एक. आता हे सांगणं-विचारणं दर वेळी कोण मुळापासून लिहीत बसणार? म्हणून तिलकवतीने प्रत्येक कामावर एकेक वेष्टण करून ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरची पोरं ते रॅपर वापरत. 'ट्रे कलव' एवढं एका ओळीत लिहायचं, आतली भानगड तिलकवतीने बघितलेली.

आणि आतली भानगड बहुतेक वेळा ही असे, की आलेल्या आकड्याचं करायचं काय?

दहातले नऊ आकडे कुणालाच लागत नाहीत. दिवा लावला, लागला. त्याने परत येऊन 'शून्य' म्हटलं, ते घेऊन काय पूजा करायची? तिलकवतीही ते टाकून देई. टाकण्याला तिची हरकत नव्हती, हे लोक विसरत. तिचं म्हणणं एवढंच, की पाकीट आधी फोडा, आत उणे एक नाही ना बघा, मग खुशाल टाका. आणि एखादं पाकीट न फोडताच टाकायचं असेल, तर तिथे शेजारी लिहा: हे उत्तर लागत नाही, का लागत नाही, आणि खाली नाव व तारीख. पोरं नुसता एक छोटा शब्द पुढे लावून मोकळी होत, म्हणजे कॉम्प्युटरची कुरकुर बंद. तिलकवतीची कुरकुर मात्र त्याने बंद होत नसे.

"अक्का," सव्वीस वर्षांचा एळिलन एकदा तिला म्हणाला होता. ईरोडकडचा हा पोरगा तिच्या शेजारच्या टेबलावर बसे, आणि ती त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे. "माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा मी आता खाली कारण लिहिणार आहे."

"लिही तंबी. मुलीकडच्यांना ते जाणून घ्यायचंच असेल."

कारणांच्या या ओळींचीच पुढे वही झाली, आणि त्याला कारण आयुधपूजा. खंडेनवमीला गणपती भागातला एकेक कारखाना आपली हत्यारं मांडतो. पाने, कानशी, वेल्डिंगची टोपी, मालकाची मोटार, सगळ्यांना चंदनाचा ठिपका आणि वर कुंकू. रत्नवेल सरांना पहिल्या वर्षी प्रश्न पडला, की प्रोग्रामवाल्यांनी काय मांडायचं? त्या वर्षी कीबोर्ड मांडले. चुरमुरे आणि गूळ त्यात सांडला, आणि पुढचा महिनाभर जे अक्षर दाबावं तिथून मुंगी निघे. दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, "प्रोग्रामच छापा." सगळा छापायचा तर चार हजार पानं लागली असती, आणि सर दोन्ही बाजूंनी छापणारे गृहस्थ. तेव्हा तिलकवती म्हणाली, आपण काय काय न बघता टाकतो तेवढंच छापू, देवीला ते कळलेलं बरं. तेव्हापासून दर वर्षी साठ-सत्तर पानांची वही निघे, जुन्या ओळी आधी, नव्या मागाहून. तिला ठिपका लागे, हार पडे, आणि दुसऱ्या दिवशी ती मागच्या वह्यांशेजारी फडताळात जाई. वाचत कुणीच नसे. तिलकवती छापण्याआधी त्या वर्षीच्या नव्या ओळी तपाशी, जुन्या तर आधीच तपासलेल्या होत्या.

त्या वर्षीची आयुधपूजा शुक्रवारी आली.

भोपळा फोडून झाला होता, कुत्र्याच्या कपाळालासुद्धा कुंकू लागलं होतं, आणि पल्लडमहून चेन्निमलै मुदलाळी, म्हणजे शेठ, आले होते. पल्लडमला त्यांची मोठी हॅचरी, वेलनची चौदा यंत्रं तिथे चालत. एवढं मोठं गिऱ्हाईक पूजेला आलं, की रत्नवेल सर स्वतःच्या हाताने केळीच्या पानावर चुरमुरे वाढत. पण मुदलाळींच्या बगलेत पिशवी होती, आणि पिशवीत कागदांचा गठ्ठा.

"तिलकवती, जरा येता का?" सरांनी केबिनमधून हाक मारली. कोइंबतूरकडची माणसं भांडतानासुद्धा अहो-जाहो सोडत नाहीत, त्यामुळे हाकेवरून काहीच कळत नाही.

मुदलाळी खुशीत होते. "तुमच्या यंत्राचं कौतुक करायला आलोय. माणूस खोटं बोलतो, तुमचं यंत्र बोलत नाही."

गोष्ट अशी होती. हॅचरीतल्या तीन नंबरच्या यंत्रात दोन महिने पिल्लं कमी निघत होती. शंभरातली चौऱ्याऐंशी निघायची, ती पन्नासवर आली होती. फोडून बघितलेली अंडी सांगत होती, की ट्रे फिरलेले नाहीत. यंत्र बघायला माणूस मरुदाचलम. एकोणीस वर्षं तिथेच, राहायलाही हॅचरीच्या आवारातच. मुदलाळींचं म्हणणं, हा झोपा काढतो, नाहीतर दार उघडून कळ बंद करून ठेवतो. आणि यंत्राच्या नोंदी तर चोख होत्या: दर तासाला 'ट्रे फिरवला', दिवसाला चोवीस वेळा, एकही चुकलेली नाही.

"म्हणजे यंत्राने फिरवला आणि याने काहीतरी करून थांबवला," मुदलाळी म्हणाले. "एकोणीस वर्षांचा माणूस असाच काढता येत नाही हो. उद्या कामगार ऑफिसात जाईल. म्हणून मला तुमच्याकडून एक पत्र पाहिजे, की नोंदी बरोबर आहेत. प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्यांची सही. सोमवारी त्याच्या हातात देतो आणि किल्ल्या घेतो."

रत्नवेल सरांनी पत्र टाइप करून ठेवलंच होतं. चार ओळींचं.

"मरुदाचलम काय म्हणाले?" तिलकवतीने विचारलं.

"काय म्हणणार? ट्रे फिरतच नव्हता म्हणे. खडूने खुणा केल्यात त्याने ट्रे ठेवायच्या ट्रॉलीवर. दहा वाजता खूण खाली, अकराला खाली, बाराला खाली."

"तुम्ही बघितल्या?"

"मी कशाला बघू खडू? माझ्याकडे छापील कागद आहे."

तिलकवतीने नोंदींचा गठ्ठा उचलला, पहिलं पान वाचलं, मधलं वाचलं. सगळीकडे तेच. फिरवला, फिरवला, फिरवला. एकदाही अडखळलेला नाही. ग्राइंडरचं वर्कशॉपसुद्धा महिन्यातून दोनदा अडखळतं.

"सही करून टाका," सर म्हणाले.

"पेनं पूजेत आहेत, सर."

ते खरंच होतं. कंपनीतली यच्चयावत पेनं दोऱ्याने बांधून सरस्वतीच्या पायाशी ठेवली होती, आणि ती उद्या विजयादशमीच्या पूजेनंतरच सुटायची होती. मुदलाळींनी स्वतःच्या खिशाला हात लावला. त्यांचंही पेन त्यांच्या घरी, त्यांच्या सरस्वतीपाशी. तिघंही काही वेळ त्या चार ओळींकडे बघत राहिले.

"बरं, मग उद्या," मुदलाळी म्हणाले. "चांगल्या दिवसाची सही."

तिलकवती बाहेर आली. कॉम्प्युटरांवर हार होते, त्यांना आज हात लावायचा नव्हता. नवी वही देवीपुढे होती, तिलाही. तिने फडताळातली मागच्या वर्षीची वही काढली, चुरमुऱ्यांचा द्रोण घेतला आणि खिडकीपाशी बसली.

"अक्का, आज वाचन पाप आहे," एळिलन म्हणाला.

"ही मागच्या वर्षीची आहे. तिची पूजा संपली."

ती मागून पुढे वाचत आली. ट्रेचं काही सापडेना. दिवे, पंखे, घंटा, दाराची कळ, सगळं नीट होतं. शेवटी पहिलं पान आलं आणि ते उघडेना. चंदनाच्या ठिपक्याने ते पुठ्ठ्याला चिकटून वाळलं होतं. त्याच्या आधीच्या वर्षीची वही काढली. तीही तशीच. तिच्या आधीचीही. सगळ्यात जुन्या ओळी सगळ्यात आधी छापायच्या, आणि ठिपका लावणारा अंगठा पहिल्या पानावर पडायचा. नऊ वर्षं त्या ओळी कुंकवाखाली होत्या.

तिने द्रोणातल्या गुळाच्या चिकट बोटांनीच पान सोडवलं. अर्धं फाटलं. उरलेल्या अर्ध्यात सातव्या नंबरची ओळ होती.

'ट्रे कलवण्याचं उत्तर लागत नाही. कार्ड नुसते मोटरचे फेरे मोजून सांगतं. ट्रे टेकला की नाही हे आपण शेवटच्या कळीवरून बघतोच. तिलकवती.' खाली तारीख, नऊ वर्षांपूर्वीची.

चुरमुरा तिच्या तोंडातच राहिला.

ज्या दिवशी लिहिली त्या दिवशी त्या ओळीत एक अक्षर खोटं नव्हतं. ट्रेच्या दोन्ही टोकांना तेव्हा कळ होती. ट्रे जाऊन तिला टेकला की नोंद होई. मग पाच वर्षांपूर्वी मोटर चालवणारं नवं कार्ड आलं. ते काम झालं तर शून्य आणि नाही झालं तर उणे एक असं स्वतःच सांगे. म्हणून नव्या यंत्रांतली कळ काढून टाकली. त्या बैठकीत तिलकवती होती. कळ काढायला हरकत नाही, असं तिनेच मान हलवून सांगितलं होतं. पण वेष्टण जुनंच राहिलं. नवं कार्ड उत्तर घेऊन येत होतं, आणि दारातच ते कुणीतरी न बघता केरात टाकत होतं, तिलकवतीच्या सहीने.

"तंबी, पल्लडमच्या तीन नंबरला दोन महिन्यांपूर्वी काय बसवलं आपण?"

"वाफेचा पंप. हवा ओली करायला. चाचणी म्हणून एकाच यंत्राला दिलाय."

"तो कितीला सुरू होतो?"

"तासाच्या ठोक्याला." एळिलनने तिच्या बोटाखालची ओळ वाचली, आणि त्याचा हात द्रोणातच थांबला. "ट्रेपण ठोक्यालाच. कार्ड एकच. पंपात गुंतलेलं असताना ट्रेचा निरोप गेला, तर ते म्हणणार…"

"उणे एक. आत्ता नाही, मग ये."

"आणि आपण लिहिणार, फिरवला."

"आपण नाही. मी."

एळिलनने द्रोण बाजूला सरकवला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "अक्का, ही वही माझी आजीसुद्धा वाचणार नाही. उद्या ते वेष्टण दुरुस्त करू, नवी ओळ छापू. मुदलाळींना सांगू, यंत्राला सुधारणा दिली. पत्र तेवढं देऊ नका. पिल्लं निघायला लागतील, सगळे विसरतील."

"आणि मरुदाचलम?"

एळिलन वहीची फाटकी कड बोटाने सरळ करू लागला. तिने या वेळी 'काय म्हणालास' असं विचारलं नाही.

शनिवारी पूजेतून हत्यारं सुटली. तिलकवतीने पहिलं काम केलं ते टेबलावर एक जुना डबा, एक कार्ड आणि एक पंप जोडण्याचं. नोंद लिहिण्याआधी उत्तर छापायला लावलं. दहा ठोके दिले. दहाही वेळा उणे एक आलं, आणि खालच्या नोंदीत दहाही वेळा 'ट्रे फिरवला'. तो कागद आणि ती फाटकी वही घेऊन ती केबिनमधे गेली.

रत्नवेल सरांनी दोन्ही वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं.

"पत्र देऊ नका, झालं," ते म्हणाले. "म्हणू, तपास चालू आहे. चौदा यंत्रं आहेत त्यांची."

"तपास झालाय, सर."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत."

"सोमवारी किल्ल्या जातील."

सरांनी पेन उचललं. कालच्या कुंकवाने त्यांची बोटं लाल झाली. "तुम्ही नऊ वर्षांपूर्वी ते खाली नाव कशाला लिहिलंत हो?" ते म्हणाले, आणि हे रागाने म्हणाले की कसं, ते त्यांच्याकडे बघून कळलं नाही. मग त्यांनी टेबलावरची गाडीची किल्ली पुढे सरकवली. "एळिलनला घेऊन जा. दुरुस्ती आजच बसवून या. नुकसानीचं मी मुदलाळींशी बोलतो. तुम्ही तेवढं बोलू नका."

पल्लडमला पोचायला साडेदहा झाले. हॅचरीच्या दारात पाय धुवायची औषधाची नाली, आत गरम, दमट, पिसांचा वास. मरुदाचलम तीन नंबरसमोर स्टुलावर बसला होता. साठीकडे झुकलेला, लुंगी दुमडलेली, कानावर खडू. आवराआवर झाल्यासारखी त्याची पत्र्याची पेटी भिंतीशी उभी होती.

"या अम्मिणी," तो उठत म्हणाला. लेकीला म्हणावं तसं तिकडे म्हातारी माणसं म्हणतात. "पत्र आणलंत?"

"पत्र नाही. खुणा बघायला आलेय."

त्याने दार उघडलं. ट्रॉलीच्या, ट्रेबरोबर वर-खाली होणाऱ्या दांड्यावर खडूच्या रेघा, एकीखाली एक, प्रत्येकीपुढे तास. दोन महिन्यांच्या होत्या. जागा संपली तसा तो दांड्याच्या मागच्या बाजूला गेला होता.

"रोज सांगत होतो," तो म्हणाला. "मुदलाळी म्हणायचे, यंत्र फिरवला म्हणतंय. मी यंत्रालाच सांगून बघितलं एकदा. तेही ऐकेना."

"तुम्ही बरोबर सांगत होतात. ते न ऐकणारं मी लिहिलेलं आहे."

मरुदाचलमने तिच्याकडे बघितलं, मग एळिलनकडे. एळिलन केबल शोधण्यात गुंतल्यासारखा झाला.

एवढ्यात मुदलाळी आले. तिलकवतीने त्यांना वही दाखवली, टेबलावरच्या चाचणीचा कागद दाखवला, आणि कळ काढल्याचं, पंप बसवल्याचं, सातव्या ओळीचं सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. मुदलाळींचा चेहरा आधी काही कळलं नाही असा, मग कळलं असा, मग लाल झाला.

पुढची दहा मिनिटं ते बोलले. तुमच्या भरवशावर चौदा यंत्रं घेतली, म्हणाले. कोंबडीला अक्कल असते, तुमच्या डब्याला नाही, म्हणाले. बायकांनी स्वयंपाकघर सोडलं की असंच होतं, हेही म्हणाले. दोन महिन्यांची पिल्लं तुमच्या घरी आणून सोडतो म्हणजे कळेल, असं म्हणाले. आणि हे सगळं अहो-जाहोत. एळिलन दोनदा पुढे झाला, तिलकवतीने दोनदा त्याला नजरेनेच मागे बसवलं. ती एकेक वाक्य ऐकत होती. रेशनवाल्याची मान ज्या काळजीने विचारावी, त्याच काळजीने. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "झालं?"

"झालं!"

"मग दुरुस्ती बसवते. अकराचा ठोका चुकायला नको."

तिने डबा उघडला. बदल फार मोठा नव्हता. वेष्टणाने आता परत आलेला आकडा आधी बघायचा. उणे एक असेल तर दहा सेकंद थांबून पुन्हा सांगायचं, तरी नाही झालं तर घंटा वाजवायची, आणि ट्रे खरंच फिरला तरच 'फिरवला' लिहायचं. शून्य आलं तर ते टाकून द्यायचं, कारण शून्याचं कुणालाही काम नसतं. एळिलनने शेजारून हळूच विचारलं, "कारण काय लिहायचं अक्का, खाली?"

"बघून टाकलेल्याला कारण लागत नाही."

अकराला पंप सुरू झाला. वाफ आत शिरली. ट्रॉली जागची हलली नाही. मरुदाचलमने स्वतःशीच मान हलवली, मुदलाळी तोंड उघडायच्या बेतात आले. डब्यावरचे आकडे दहापासून खाली आले, आणि एकोणीस हजार अंडी एकदम, एक मोठा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करत डावीकडून उजवीकडे कलली. खडूची अकराची जुनी खूण हळूहळू वर गेली.

मरुदाचलमने कानावरचा खडू काढला. नवी रेघ ओढली, पुढे अकरा लिहिलं, आणि खडू पुन्हा कानावर ठेवला.

मुदलाळींनी ते बघितलं. त्यांनी पिशवी उचलली आणि ते दाराकडे वळले.

"मुदलाळी," तिलकवती म्हणाली. "तुम्ही मरुदाचलम अण्णांना काय म्हणालात?"

"कुठे काय म्हणालो? काही नाही."

"काही नाही म्हणालात, की काही म्हणालातच नाही?"

एळिलनने वर छताकडे बघितलं. मुदलाळी दारात तसेच उभे राहिले. औषधाच्या नालीत त्यांचा एक पाय होता. ते तिच्याकडे बघत होते, आणि ती तिथून हलायची लक्षणं नव्हती. भिंतीशी पेटी उभी होती, तिच्याकडेही त्यांचं लक्ष गेलं.

"सोमवारी ये," शेवटी ते मरुदाचलमला म्हणाले. मग जरा थांबून, कुणी ओढून काढल्यासारखं, "खडू बघायला पाहिजे होता मी."

"सोमवारी कशाला?" मरुदाचलम म्हणाला. "चार नंबरची अंडी आज बाहेर काढायचीयत. ती काय सोमवारपर्यंत थांबतायत?" आणि तो पेटी उचलून आत ठेवायला गेला.

परतताना सुलूरच्या फाट्यावर एळिलनने गाडी थांबवली, दोघांनी उभ्याउभ्याच कॉफी घेतली. तो म्हणाला, "पुढच्या वर्षीच्या वहीत सात नंबर रिकामा ठेवायचा?"

"नाही. ओळ तशीच ठेव. खाली लिही, आता लागतं. तारीख घाल."

"नाव?"

"माझंच. आणि सरांना सांग, ठिपका शेवटच्या पानावर लावा."

घरी पोचली तेव्हा दंडपाणी अरिसी-परुप्पूचा, म्हणजे डाळ-तांदळाचा भात कुकरला लावून दारातच बसला होता. सकाळी ती न जेवता गेली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात काहीतरी घोळत असावं. तिने पिशवी खाली ठेवायच्या आतच त्याने विचारलं, "काय म्हणाले?"

तिलकवती पायरीवर बसली. पायांना अजून औषधाचा वास होता.

"बरंच काही म्हणाले. त्यातलं लागणारं एवढंच, की मरुदाचलमना ये म्हणाले."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं ऐकून घेतलं," ती म्हणाली. "भात झालाय का?"

दंडपाणीने मान हलवली. कशी, ते तिने बघितलं, आणि ती हात धुवायला उठली.